मुरमाच्या उतारावर गाडी थांबत नाही, म्हणून एबीएसचा फ्यूज काढू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१९ ची हॅचबॅक आहे, गावाकडचा शेवटचा दोन-तीन किलोमीटर रस्ता मुरमाचा आणि उताराचा. तिथे गाडी अगदी हळू असतानाही ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरतं, बॉनेटमधून खरखर आवाज येतो आणि गाडी थांबायची सोडून पुढेच जात राहते. मित्र म्हणतो, एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढून टाक, जुन्या गाड्या कशा चाक जाम करून जागेवर थांबायच्या, तशी थांबेल. काढू का?

काढू नका. मी कराडजवळ गॅरेज चालवतो आणि या कामात आता बावीस वर्षं झाली. हा प्रश्न दर पावसाळ्याच्या आधी कुणी ना कुणी विचारतंच. तुमच्या मित्राला जे दिसलंय ते खोटं नाही, म्हणून आधी त्याचं बरोबर कुठे आहे ते सांगतो.

सुट्या खडीवर किंवा मुरमावर चाक पूर्ण जाम झालं की टायर रस्त्यात थोडा रुततो. पुढ्यात खडीचा छोटा ढीग जमतो आणि चाकाला दगड लावल्यासारखा त्याचा अडथळा होतो. एबीएस चाक जाम होऊच देत नाही, त्यामुळे तो ढीग जमायच्या आत चाक त्याच्यावरून पुढे जातं. म्हणून सुट्या खडीवर, आणि बर्फाच्या देशांत ताज्या भुसभुशीत बर्फावर, एबीएसवाली गाडी थांबायला थोडी जास्त जागा घेते. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही हे लिहिलेलं असतं. मी स्वतः एकदा मोकळ्या माळावर दोन्ही प्रकारे ब्रेक मारून पाहिलंय. एबीएस बंद असताना सरळ रेषेत गाडी खरंच आधी थांबली.

पण त्याच माळावर मी नंतर स्टिअरिंग वळवून ब्रेक मारला. चाकं जाम झाल्यावर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापलेलं, आणि गाडी तरी नाकासमोर सरळ. जाम झालेल्या टायरला दिशा नसते. तो घसरणारा रबराचा ठोकळा होतो, मग तुम्ही त्याचं तोंड कुठेही करा. एबीएस चालू करून तेच केलं, तर गाडी थरथरत का होईना, वळली.

तुमच्या उतारावर वळणं आहेतच ना? समोरून ट्रॅक्टर येत असेल, वळणावर शाळेतून परतणारी पोरं असतील. तिथे तीन-चार हात आधी थांबण्यापेक्षा गाडी बाजूला घेता येणं जास्त मोलाचं आहे. एबीएस बनवलंच मुळी त्यासाठी. १९७८ साली बॉशची यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, तेव्हापासून मूळ हेतू हाच आहे: जोरात ब्रेक दाबलेला असतानाही ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग राहिलं पाहिजे. ब्रेकचं अंतर कमी होणं हा ओल्या किंवा गुळगुळीत डांबरावर सोबत मिळणारा फायदा.

आता जी गोष्ट मित्राला बहुधा ठाऊक नाही ती सांगतो, आणि माझ्या उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. फ्यूज काढल्याने तुमची गाडी जुन्या गाडीसारखी होत नाही. ती जुन्या गाडीपेक्षा वाईट होते.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला तेवढाच दाब दिला तर ते आधी जाम होतं. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम झाली की गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो, म्हणजेच गाडी गिरकी घेते. पुढची चाकं जाम झालेली गाडी निदान सरळ घसरते, पाय उचलला की पुन्हा ताब्यात येते. मागून सुटलेली गाडी सावरायला चांगल्या ड्रायव्हरलाही वेळ मिळत नाही.

जुन्या गाड्या बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या ऑइलचा दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह त्या गाड्यांत असायचा. व्हॅन आणि पिकअपमध्ये तर त्याला मागच्या एक्सलशी जोडलेला दांडा असतो, माल भरून गाडी खाली बसली की तो मागे जास्त दाब सोडतो. आम्ही त्याला एलएसपीव्ही म्हणतो. एबीएस आलं तसं हे काम ईबीडीने, म्हणजे एबीएसच्याच कंट्रोल युनिटमधल्या प्रोग्रॅमने घेतलं. चाकावरचे सेन्सर तेच, दाब रोखणारे व्हॉल्व्हही तेच. मग वेगळा व्हॉल्व्ह ठेवायचं कारण उरलं नाही आणि बऱ्याच गाड्यांतून तो गेला. तुम्ही फ्यूज काढता तेव्हा एबीएसबरोबर ईबीडीही झोपतं, आणि मागच्या चाकांवरचा दाब आवरणारं कुणीच राहत नाही. बऱ्याच गाड्यांत फ्यूज काढल्यावर एबीएसच्या पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटतो, तो उगाच नाही. गाडीत ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा असेल तर तीही गेली.

एक गाडी माझ्याकडे अशीच ओढून आणली होती. जूनचा पहिला पाऊस, कुंभार्ली घाट, चिपळूणकडे उतरताना. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून कसा निसरडा थर तयार होतो ते घाटात चालवणाऱ्यांना सांगायला नको. वळणात पुढचा टेम्पो थांबला, यांनी ब्रेक दाबला आणि गाडीने तोंड फिरवलं. नशीब, मागची बाजू डोंगराकडे आपटली, दरीकडे नाही. घरातली चार माणसं होती आत, सगळी वाचली. फ्यूजबॉक्स उघडला तर एबीएसचा फ्यूज जागेवर नव्हता. विचारलं तर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी काढला होता, खडीवर गाडी थांबत नव्हती म्हणून. काढलाय हे ते विसरूनही गेले होते. मुरमाच्या दोन किलोमीटरसाठी काढलेला फ्यूज बाकीच्या हजारो किलोमीटरवरही काढलेलाच असतो.

मित्राचा दुसरा मुद्दा बहुधा असेल की रेसिंगवाले एबीएस वापरत नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून त्यावर बंदी आहे हे खरं. पण बंदी घातली ती यंत्र ड्रायव्हरला फार मदत करत होतं म्हणून. कौशल्य ड्रायव्हरचं दिसावं, असा तो विचार. खडीवर रॅली चालवणारे चाकं जाम करून गाडी मुद्दाम आडवी घालतात, तेही खरं. त्यांचा रस्ता बंद केलेला असतो, समोरून एसटी येत नाही. आणि कितीही तयार ड्रायव्हर असला तरी त्याच्या पायाखाली पेडल एकच आहे. डावी चाकं साइडपट्टीच्या मुरमावर आणि उजवी डांबरावर असतील तर चारही चाकांना वेगवेगळा दाब देणं माणसाला शक्यच नाही. एबीएस ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा करतं.

हिमालयन किंवा केटीएम ॲडव्हेंचरसारख्या मोटारसायकलींवर कच्च्या रस्त्यासाठी एबीएस बंद करायची सोय आहे, तिथून ही कल्पना आली असेल तर एवढं लक्षात घ्या: ती सोय कंपनीने विचार करून दिलेली आहे. त्यात मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं, पुढच्याचं राहतं. फ्यूज उपटण्याशी त्याचा संबंध नाही.

मग तुमच्या उताराचं काय? खरं उत्तर वेगात आहे, आणि ते आकड्यांत मांडलं की पटतं. मुरमावरची पकड कोरड्या डांबराच्या साधारण निम्मी धरू. ताशी ६० च्या वेगात एक सेकंद पाय ब्रेकवर जाण्यात जातो, तेवढ्यात १७ मीटर गेले. पुढे थांबायला ३५ मीटर. झाले ५२. तोच वेग ४० असेल तर ११ आणि १६, मिळून २७ मीटर. पंचवीस मीटर वाचले, म्हणजे दोन एसटी एकामागे एक उभ्या राहतील एवढी जागा. हा सपाटीचा हिशेब आहे, उतारावर दोन्ही आकडे वाढतात आणि फरकही वाढतो. फ्यूज काढून यातला फार छोटा तुकडा मिळेल, तोही स्टिअरिंग गमावून. उतार लागायच्या आधीच दुसरा गिअर टाका, गाडी इंजिनवर उतरू द्या आणि ब्रेक फक्त वेग आवरण्यापुरता हलका वापरा. तशी सवय लागली की पेडल थरथरायची वेळच क्वचित येईल.

आणि खरंच कधी जोरात दाबावा लागलाच, तर पेडल थरथरलं म्हणून पाय उचलू नका. ती थरथर म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करतायत आणि पंप ऑइल मागे ढकलतोय. घट्ट दाबून धरा आणि गाडी जिथे न्यायची तिकडे स्टिअरिंग वळवा. ‘दाब-सोड, दाब-सोड’ हे आपल्या वडलांच्या पिढीला शिकवलेलं होतं आणि त्या गाड्यांसाठी ते बरोबर होतं. एबीएसच्या गाडीत तसं केलं तर तुम्हीच त्याच्या कामात मोडता घालता.

तरीही तुमचा प्रश्न वाचताना एक शंका माझ्या मनात राहिली. तुम्ही लिहिलंय की पेडल ‘अगदी हळू असतानाही’ थरथरतं. अगदी हळू म्हणजे किती? ब्रेक हलका दाबलेला असतानाही एबीएस जागं होत असेल, तर दोष मुरमाचा नसून गाडीत असू शकतो, आणि तो सापडतो.

सगळ्यात आधी टायर. १.६ मिलिमीटर नक्षी ही कायद्याची किमान मर्यादा झाली, मुरमासाठी आणि पावसासाठी मी तेवढ्यावर समाधान मानणार नाही. टायर जुने होऊन कडक झाले असतील तर नक्षी दिसत असली तरी पकड गेलेली असते. हवा जास्त भरली असेल तर तेही बघा. गावाकडे जायचं म्हणून पंपावर ‘जरा जास्त मार’ म्हणणारे खूप आहेत, त्याने खडीवर चाक उड्या मारतं.

मग शॉक ॲब्सॉर्बर. याकडे कुणी बघत नाही. शॉक निकामी झाले असतील तर खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहत नाही. हवेत उचललेलं चाक ब्रेकने क्षणात थांबतं, कंट्रोल युनिटला वाटतं चाक घसरलं, ते दाब सोडतं. गाडी थांबत नाही आणि दोष एबीएसला जातो. नवे शॉक टाकल्यावर ‘एबीएस बरं झालं’ म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत.

तिसरं, चाकाचा सेन्सर. हबजवळ एक दातेरी रिंग असते किंवा बेअरिंगमध्येच चुंबकी पट्टी असते, आणि शेजारचा सेन्सर तिच्यावरून चाकाचा वेग मोजतो. रिंगला तडा गेला, गंज धरून सेन्सर थोडा वर उचलला गेला, बेअरिंग सैल झालं, तर कमी वेगात सिग्नल तुटक येतो. युनिट समजतं चाक जाम होतंय. याची खूण अशी की कोरड्या, स्वच्छ डांबरावर सिग्नलपाशी हळूच थांबतानाही शेवटच्या काही फुटांत पेडल कुरकुरतं. अशा वेळी दिवा पेटेलच असं नाही. स्कॅनर लावून चारही चाकांचे वेग पडद्यावर एकत्र बघत गाडी हळू चालवली की वेडंवाकडं चालणारं चाक दिसतं. सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली असणं हेही आपल्याकडे नेहमीचंच, पण त्यात बहुतेक वेळा दिवा पेटतो आणि एबीएस स्वतःच बंद होतं.

ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर तेही बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि घाटात ब्रेक तापले की पेडल खोल जायला लागतं.

एक गोष्ट एबीएसच्या विरोधातली आहे, तीही सांगतो. ऐंशीच्या दशकात म्युनिकमध्ये टॅक्सींवर अभ्यास झाला होता, काहींना एबीएस, काहींना नाही. अपघातांच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही, कारण एबीएसवाले ड्रायव्हर जास्त धिटाईने चालवायला लागले होते. मला हे पटतं, रोज बघतो. घाटात ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीला चिकटून जाणाऱ्या पोरांना विचारलं तर ते सांगतात, ‘एबीएस आहे ना’. रस्त्यावर जेवढी पकड असेल तेवढीच एबीएस वापरू शकतं, नवी पकड त्याच्याकडे नाही.

कायद्याचं म्हणाल तर एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारमध्ये एबीएस बंधनकारक आहे. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने फ्यूजबॉक्स उघडला आणि रिकामी जागा दिसली तर तुमच्या क्लेमवर प्रश्न येणार, हे धरून चाला.

आता एवढं करा. फ्यूज काढला असेल तर आधी जागेवर बसवा आणि दोन्ही दिवे विझलेत ना ते बघा. मग सकाळी रस्ता मोकळा असताना, मागे कुणी नाही हे बघून, कोरड्या सपाट डांबरावर ताशी २० च्या वेगातून हलक्या पायाने चार-पाच वेळा गाडी थांबवा. एकदाही पेडल थरथरलं नाही, तर टायर आणि शॉक तपासून घ्या आणि उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. थरथरलं, तर सेन्सर आणि बेअरिंगच्या मागे लागा. कुठल्या वेगाला थरथरलं, गाडी किती किलोमीटर चाललीय आणि टायर कोणत्या सालचे आहेत, एवढं लिहून कळवा, म्हणजे आधी कुठलं चाक उघडायचं ते सांगता येईल.