चाप बाहेरून करपतात, आतून कोरडे

प्रश्न : शेगडीवर मटणाचे चाप भाजले की काळा मसाला करपतो आणि मांस कोरडं पडतं. काय चुकतं?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : दादा, काळा मसाला आधीच खरपूस भाजलेला, निखाऱ्यावर तो कडूच होणार. तो रश्श्यातच शोभतो! अर्धा किलो चापांना चमचाभर मीठ आदल्या रात्री चोळून फ्रिजमध्ये उघडेच ठेवा. मीठ आधी पाणी ओढतं, मग तेच पाणी मांसात परत मुरतं. पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर थंडीत मी असंच करते. भाजण्याआधी फडक्याने टिपा. जाडसर कुटलेले मिरे, धणे, जिरे दाबून लावा. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की मगच जाळी ठेवा. उतरवल्यावर 5 मिनिटं सुरी लावू नका, नाहीतर रस ताटात वाहून जातो.