बावटा कुणी लावायचा?

जून लागला की माझ्या रत्नागिरीच्या समुपदेशनाच्या खोलीत शिक्षक यायला लागतात. बसल्या बसल्या पाण्याचा ग्लास रिकामा होतो, ओली छत्री कुठे ठेवू असं दोनदा विचारून होतं, थोडं मुलांबद्दल, थोडं बीपीबद्दल बोलून होतं. मग खरं वाक्य बाहेर येतं: "मॅडम, आमची शाळा राहील ना?" गेल्या काही वर्षांत हे इतक्या मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकलंय की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. त्यातल्या एकीची ही हकिगत, तिला विचारून आणि ओळखीच्या खुणा पुसून.

वाडीतले सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणते. दापोलीकडची, समुद्राला लागून असलेली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, पट १४, शिक्षक दोन. बाई प्रभारी मुख्याध्यापिका, म्हणजे तीन वर्ग त्यांचे, पोषण आहाराचा तांदूळ त्यांचा, ऑनलाइन भरायची माहिती त्यांची आणि टाकीत बेडूक पडला तर तोही त्यांचाच. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटी धरून यायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. मार्च २०२० ला शाळा बंद झाली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि छपराचे पत्रे शेजारच्या आमराईत जाऊन पडले. ते निस्तरतंय तोवर २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळां'चे, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एकच मोठी शाळा चालवण्याचे, प्रस्ताव मागवल्याची बातमी आली. त्यात जोडीदार शिक्षक मूळचे घाटावरचे, आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेले. मग बाई एक वाक्य बोलल्या, ते मी वहीत जसंच्या तसं उतरवलं आहे. "वादळानंतर जनरल रजिस्टरची पानं मी चुलीजवळ धरून सुकवली, मॅडम. तेव्हा रात्री पडल्या पडल्या झोप लागायची. आता छप्पर धड आहे आणि झोप नाही."

हे वाक्य मी त्याच वेळी नीट ऐकायला हवं होतं. नाही ऐकलं. पहिले दोन शनिवार मी झोपेवरच घालवले: मोबाइल लांब ठेवा, श्वास मोजा, चहा कमी करा. बाईंनी ते इमानदारीने केलं आणि तारीखवार बरोबरच्या खुणा करून मला वही दाखवली. शिक्षकांना गृहपाठ देऊ नये, ते पूर्ण करून आणतात.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून हजेरीपत्रक काढलं. चौदा नावं, आणि त्यातल्या नऊ नावांपुढे पेन्सिलीचा बारीक ठिपका.

"हे काय?"

"ही जातील असं वाटतं. कुणी मुंबईला, कुणी हायवेवरच्या इंग्रजी शाळेत. तिची गाडी आता वाडीच्या फाट्यापर्यंत येते."

"त्यांच्या घरच्यांशी बोललात?"

"छे! बोललं तर नसलेलं डोक्यात यायचं."

"आणि मुलं? ती काही विचारतात?"

"चौथीतल्या एकानं विचारलं, बाई, तुम्ही पण जाणार? मी म्हटलं, काही नाही, सगळं ठीक आहे, पाढे म्हण."

मी कुटुंबाकडे बघायला शिकलेली समुपदेशक आहे. समोर एक माणूस बसला असला तरी मला त्याच्यामागे पूर्ण घर दिसतं. घरातल्या मोठ्याने काळजी दडवली की लहान्याच्या पोटात दुखायला लागतं, हे मी पंधरा वर्षं पाहते आहे. त्या दिवशी प्रथमच ती शाळा मला घरासारखी दिसली. बाई सगळ्यांच्या वतीने काळजी करत होत्या, आणि कुणाला कळू नये म्हणून हसतही होत्या.

चौथ्या शनिवारी मी शाळेचा विषयच काढला नाही. बाईंचं माहेर बंदरावरचं, वडील आयुष्यभर होडीवर. मी विचारलं, "तुमच्या लहानपणी वादळ येणार हे घरात कसं कळायचं?"

"बंदरावर धोक्याचा बावटा लागायचा. तीन नंबरचा लागला की आई लगेच ओट्यावर."

"वादळ नक्की येणार, कुठे येणार, हे बावटा सांगायचा?"

"नाही हो. कितीदा तर नुसताच पाऊस व्हायचा. पण माणसं ठरवायची ना. कुणी होड्या वर ओढायचे, कुणी जाळी आत घ्यायचे."

"आणि बावटाच लावला नसता तर? माणसं घाबरतील म्हणून?"

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बाहेर पाऊस पत्र्यावर आपटत होता. मला बोलायचा मोह झाला होता, तो मी गिळला. हे जमायला मला बरीच वर्षं लागली आहेत. शेवटी त्या हजेरीपत्रकावर हात ठेवून म्हणाल्या, "मग लोक आभाळाकडे बघून आपापले पळाले असते." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "पळतायतच."

माझ्या बऱ्या प्रश्नांत मी हा प्रश्न धरते. उत्तर मात्र सगळं बाईंचं.

पुढचं आमचं बोलणं बरंचसं कामाचं होतं आणि ते सगळ्याच मुख्याध्यापकांच्या उपयोगाचं आहे. पालकांना तुमच्याकडून शाळा टिकण्याची हमी हवी असते असं तुम्ही धरून चालता. ती तुमच्या हातात नाही हे त्यांनाही कळतं. त्यांना हवं असतं ते इतकंच, की जे कळेल ते आधी तुमच्या तोंडून कळावं, व्हॉट्सॲपवरून नव्हे. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या काढून सांगा: काय ठरलंय, काय अजून ठरलेलं नाही आणि पुढची बातमी कोणत्या दिवशी सांगणार. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. त्या दिवशी नवीन काही नसलं तरी जमायचं आणि 'नवीन काही नाही' असं सांगायचं.

हे बोलायला वेगळी सभा नको. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊण सदस्य पालक असतात. आपल्याकडे त्यांच्या सह्या फार घेतल्या जातात, सल्ला क्वचित. तिथे नियमही वाचून दाखवा. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीनच्या आत, असं शिक्षण हक्काच्या नियमांत आहे. कोकणातला किलोमीटर मात्र पावसाळ्यात लांबतो, मधल्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं आणि वर साकव, छोटा पूल, नसला की पलीकडची शाळा जवळ असून नसल्यासारखी. हे अर्जात लिहायचं काम पालकांचं, आणि ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं जमतं. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते, हेही त्यांना माहीत असू द्या. तारीख कळली की माणूस त्या बेताने वागतो.

मुलांशी बोलताना तेच, फक्त कमी शब्दांत. "अजून ठरलेलं नाही. ठरलं की मीच सांगेन. आज शाळा आहे." पाढे नंतर म्हणता येतात.

आणखी एक, जे शिक्षक कबूल करत नाहीत. दाखला नेणाऱ्या आईचा राग येतो. बाई अशा दोघींशी बाजारात बोलायच्याच बंद झाल्या होत्या. मी म्हटलं, तिने शाळा बदलली, तुम्हाला का सोडलं? राग येऊ द्या, तो आपलेपणाचाच आहे, पण त्याच्यापायी तिची धाकटी पुढच्या वर्षी तुमच्याकडे यायची राहू नये. आणि दोन-तीन आठवडे झोप, जेवण, कामातलं लक्ष सगळंच हललेलं असेल तर गप्पांवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

ऑगस्टमध्ये बाईंनी सभा घेतली. पाय लटपटत होते म्हणाल्या. सगळं ऐकून समितीचे अध्यक्ष, स्वतः मच्छीमार, पहिलं वाक्य बोलले: "मग आदी सांगायचंत ना बाई. आमी काय परकी?" मग एकेकाने आपला विचार सांगितला. नऊ ठिपक्यांतल्या सहा घरांनी जायचा विचारच केलेला नव्हता. तीन मुलं मात्र खरंच गेली, आणि त्यातल्या एकाच्या नावापुढे ठिपका नव्हता. मुंबईहून आजीकडे राहायला आलेली एक मुलगी सप्टेंबरात दाखल झाली. जोडीदार शिक्षक दिवाळीच्या सुमारास कार्यमुक्त झाले, आणि त्या जागेचं अजून काही ठरलेलं नाही.

झोप पूर्ण परत आली का, असं मी शेवटच्या शनिवारी विचारलं. "रविवारची येते," म्हणाल्या.

परवा त्यांनी फोटो पाठवला. व्हरांड्यात छोटा फळा टांगलाय, खडूने तीन रकाने आखलेले. 'अजून ठरलेलं नाही' या रकान्यात बाईंच्या वळणदार अक्षरात दुसऱ्या शिक्षकांची नेमणूक लिहिलेली, आणि तिच्याखाली कुणीतरी तिरक्या अक्षरात: 'आज मसालेभात की मटकी.'