वाचकांचे प्रश्न : एकाच आकड्याने दोन विद्याशाखा मोजता येतात का?

प्रश्न : मी अंबाजोगाईतील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. संतकवी दासोपंतांच्या पासोडीवर (कापडावर लिहिलेल्या रचनेवर) गेली ११ वर्षे अभ्यास करीत असून माझा एक ग्रंथ व १४ लेख प्रसिद्ध झाले आहेत. पदोन्नतीच्या बैठकीत माझा एच-निर्देशांक २, तर रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांचा १९ असल्याचे दाखवून माझे काम तोकडे ठरवण्यात आले. हे योग्य आहे का? मी काय करावे?

उत्तर : ही तुलना अयोग्य आहे आणि तसे समितीला लेखी कळवण्यास आपण कचरू नये.

एच-निर्देशांकाची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. ज्या मोठ्यात मोठ्या संख्येइतक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकीच उद्धरणे (इतरांच्या लेखनातील उल्लेख) मिळालेली असतात, ती संख्या म्हणजे हा निर्देशांक. एखाद्याच्या पाच निबंधांना ६०, ९, ४, ३ आणि १ अशी उद्धरणे मिळाली असतील, तर त्याचा निर्देशांक ३ येतो, कारण किमान चार उद्धरणे मिळालेले निबंध चार भरत नाहीत. पहिल्या निबंधाची उद्धरणे ६० ची ६०० झाली तरी तो ३ च राहतो. जीवशास्त्रातील आकडे भौतिकशास्त्रापेक्षा मोठे असतात, हे हिर्श यांनीच मूळ निबंधात नोंदवले होते. विज्ञानाच्या दोन शाखांत ही स्थिती असेल, तर रसायनशास्त्र आणि मध्ययुगीन मराठी वाङ्मय एका रांगेत कसे बसवावे?

रसायनशास्त्रात निबंध बहुधा गटाने लिहिले जातात, ते आकाराने लहान असतात आणि प्रत्येकात ताज्या निबंधांचे कितीतरी संदर्भ दिलेले असतात, त्यामुळे उद्धरणे लवकर साचतात. आपल्या शाखेत मात्र एकटा अभ्यासक वर्षानुवर्षे एका वस्त्रावरील अक्षरे लावत बसतो, त्यातून ग्रंथ होतो आणि त्याचा आधार घेणारा पुढचा अभ्यासक कदाचित एका पिढीनंतर येतो. शिवाय मराठी ग्रंथ व नियतकालिके स्कोपस या उद्धरणे मोजणाऱ्या माहितीसंग्रहात फारशी नाहीत. एखाद्या प्रबंधाने आपल्या ग्रंथाचा दहा ठिकाणी आधार घेतला, तरी तेथे त्याची नोंद होत नाही. गूगल स्कॉलर अधिक टिपतो, पण केवळ छापील स्वरूपात असलेल्या पुस्तकातील तळटिपा त्याच्याही हाती लागत नाहीत.

मोठा आकडा म्हणजे मोठा शोध, असेही नाही. जगात सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध १९५१ चा, लॉरी व सहकाऱ्यांचा, प्रथिने मोजण्याच्या पद्धतीविषयीचा आहे. ती पद्धत वापरणारे त्याचा उल्लेख करीत गेले, म्हणून तो आकडा वाढला. आपल्या सहकाऱ्यांचे श्रम यामुळे उणे ठरत नाहीत. त्यांचे १९ रसायनशास्त्रातील, त्यांच्याइतकीच सेवा झालेल्या अभ्यासकांशी ताडावेत, इतकेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतही शाखाभेद मानलेला आहे : शोधनिबंधाला विज्ञानात ८, तर भाषा व मानव्यविद्यांत १० गुण असून राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथालाही १० गुण आहेत. अर्जात याचाच आधार घ्यावा.

दोन कामे लगेच करावीत. आपले नाव रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे छापले गेले असेल, तर ऑर्किड क्रमांक (संशोधकाची स्वतंत्र ओळख-संख्या) काढून सर्व लेखन त्याखाली आणावे, कारण विखुरलेल्या नावांमुळे आहेत ती उद्धरणेही हरवतात. दुसरे म्हणजे शोधगंगा या ऑनलाइन प्रबंध-संग्रहातील प्रबंध आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातील पुस्तके चाळून आपल्या ग्रंथाचा आधार कोणी, कोणत्या पानावर व कशासाठी घेतला, याची यादी करावी. हे काम वेळखाऊ आहे, पण मराठीचा विषयतज्ज्ञ ती यादी वाचून आपल्या कामाविषयी मत देऊ शकेल.