राम जोशी रंगेल की कीर्तनकार?

प्रश्न : परवा शेंगा फोडता फोडता आमचे अप्पा 'सुंदरा मनामध्ये भरली' गुणगुणत होते. विचारलं तर म्हणाले, अगं हा राम जोशी आपल्या सोलापूरचाच, पेशव्यांकडचा शाहीर, एक नंबरचा रंगेल! आई लगेच म्हणाली, छे, तो तर कीर्तनकार. तेव्हापासून घरात दोन पार्ट्या पडल्यात, खरं काय ते तुम्हीच सांगा.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोघांनाही एकेक शेंगाची पोळी द्या, दोघंही बरोबर आहेत. राम जोशीचं घर भिक्षुकाचं, थोरला भाऊ मुद्गल जोशी पुराण सांगणारा, आणि हे धाकटं पोरगं धोंडी शाहिराच्या फडात जाऊन बसायचं. शेवटी भावानं घराबाहेर काढलं, मग पंढरपूरला जाऊन पठ्ठ्यानं संस्कृत शिकून घेतलं, पण डफ काही सुटला नाही, उलट स्वतःचाच तमाशा काढला. पुढं दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय मिळाला, त्या दरबारात शृंगारी लावणीला काय भाव होता ते वेगळं सांगायला नको.

तुमच्या आईचा मुद्दा बारामतीच्या कवी मोरोपंतांपाशी येतो. त्यांनी याची कविता ऐकून याला कीर्तनाकडं वळवलं असं सांगतात आणि मग हा मोरोपंतांच्याच आर्या (म्हणजे आर्या वृत्तातल्या कविता) कीर्तनातून गावोगावी गात फिरला. १९४७ च्या सिनेमामुळं ही गोष्ट घरोघरी गेली, फक्त सिनेमातलं सगळंच खरं धरू नका.

मला स्वतःला मात्र 'आधी बिघडला मग सुधरला' हे पटत नाही. म्हणजे बघा, 'सुंदरा मनामध्ये भरली, जरा नाही ठरली, हवेलीत शिरली' यात भरली-ठरली-शिरली कसं टाळीवर येतं, आणि ढोंगी बुवाला झापताना हाच माणूस म्हणतो 'हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिशी का शिरी, मठाची उठाठेव का तरी', इथं तर ट-ठ चा नुसता ताशा वाजतोय! एकीकडं बाई, दुसरीकडं बुवा, पण हात तोच. आणि मोरोपंत म्हणजे यमकाचे बादशहा, त्यांना हा कान ओळखू आला नसता तरच नवल. शिवाय गडी मराठीत संस्कृत आणि कानडी मिसळून पण रचायचा, आता आपल्या सोलापुरात कानडी कानावर पडल्याशिवाय दिवस जातो का?

अप्पांना एकदा दोन्ही ओळी शेंगांच्या ताटावर ठेका धरून म्हणायला सांगा. आईला पण शेजारी बसवा.