साडेतीन वर्षांची मुलगी दिवसभर बसूनच असते, तिला डान्स क्लास लावावा का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात दोन खोल्यांचं घर आहे, तुम्ही दोघंही नोकरीला जाता, मुलगी दिवसभर सासूबाईंकडे असते आणि मोबाईल घेऊन बसते. क्लासचं नंतर बघा. आठवड्यातून दोनदा पाऊण तास, त्यातही निम्मा वेळ रांगेत उभं राहण्यात जातो. या वयाच्या मुलाची हालचाल क्लासपेक्षा घरच्या दिनक्रमावर ठरते: त्याला कोण, कधी आणि का बसवतं यावर. बहुतेक घरांत बसवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. जेवताना मोबाईल, बाहेर निघताना स्कूटर नाहीतर कडेवर, आणि दुपारभर "पडशील, गप बस".

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेलं माप असं आहे: ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल, त्यातली ६० मिनिटं तरी धाप लागेल अशी. स्क्रीन जास्तीत जास्त १ तास, आणि कमी तेवढं बरं. झोप दुपारची धरून १० ते १३ तास. तीन तास ऐकून घाबरू नका. लहान मूल सलग पळत नाही. पळतं, थांबतं, काहीतरी उचलून बघतं, परत पळतं. ते थांबलं की "दमली वाटतं" म्हणून आपण तिला उचलून बसवतो, आणि नेमकं इथेच चुकतं. मिनिटभर काही बोलू नका, ती आपोआप उठते. असे तुकडे जोडूनच ते १८० होतात.

सासूबाईंना गुडघ्यांमुळे तिच्यामागे पळणं जमत नसेल, तर त्यांनी बसूनच खेळ चालवावा. ताट वाजतंय तोवर पळायचं, थांबलं की पुतळा. किंवा सोलापुरी चादर घडी घालून जमिनीवर अंथरा. ही नदी, दोन्ही पाय जुळवून पलीकडे उडी. जमली की घडी थोडी उलगडून नदी रुंद करायची. फरशी गुळगुळीत असेल तर चादर सरकते, म्हणून खाली सतरंजी घाला आणि पायात मोजे नकोत. चादरीवर तिला बसवून ओढण्यात व्यायाम ओढणाऱ्याचा होतो. त्यापेक्षा चादरीवर उशी ठेवा आणि चादर तिलाच ओढू द्या.

घरकामात तर फार मोठा साठा आहे. गच्चीवर कपडे वाळत घालताना चिमट्यांचा डबा दोरीपासून दहा पावलं लांब ठेवा आणि प्रत्येक कपड्याला एकच चिमटा मागा. वीस कपडे म्हणजे वीस फेऱ्या, वीसदा वाकणं आणि उठणं, तेही तुमचं काम चालू असताना. काम जरा लांबतं, ते चालू द्या. मात्र कठडा मोठ्या माणसाच्या छातीइतका उंच हवा आणि त्याच्याजवळ बादली, स्टूल, कुंडी असं चढण्यासारखं काही नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही म्हणून घरोघरी हौद आणि पिंपं भरलेली असतात. त्यांची झाकणं घट्ट लागतात ना, हे आधी बघा. झाकणाला कडी असेल तर उत्तम.

उन्हाची अडचण खरी आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा अकरा ते पाच मुलाला बाहेर काढूच नये. पळापळ सकाळी साडेआठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. पत्र्याची घसरगुंडी सहा वाजताही भाजते, आधी हाताच्या मागच्या बाजूने तपासा. खेळताना दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी द्या, ती मागेल म्हणून थांबू नका.

घराबाहेर मुलं जास्त हलतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात स्कूटर न नेता तिला चालवत न्या. ४०० मीटरला दहा मिनिटं लागतील. रविवारी हुतात्मा बागेत गेलात तर पहिली दहा मिनिटं तुम्ही दोघं तिच्याबरोबर शिवाशिवी खेळा. आई-बाबा बाकावर मोबाईल बघत बसले की मूलही थोड्या वेळाने तिथेच येऊन टेकतं. पायात स्लिपर नको, मागे पट्टा असलेली सँडल हवी. स्लिपर निसटते म्हणून मूल पाय घासत चालतं. आणि फ्रॉक मळेल म्हणून तिला अडवू नका. मुलींची हालचाल मुलांपेक्षा कमी भरते, त्याला अशी अडवणूकही कारण असते.

मोबाईल एकदम बंद केलात तर दोन-तीन दिवस घर डोक्यावर घेईल आणि सासूबाई कंटाळून परत देतील. आधी फक्त जेवणाच्या वेळचा बंद करा. ताटात कमी वाढा, अर्ध्या तासाने ताट उचला, मागे लागून भरवू नका. एखाद्या जेवणाला कमी खाल्लं तर काही बिघडत नाही. हे आठवड्याभरात रुळलं की दुपारचा मोबाईल कमी करा. यात घरातल्या सगळ्यांचं एकमत हवं. एकाने नाही म्हणायचं आणि दुसऱ्याने हळूच द्यायचा, असं झालं की मूल रडणं वाढवतं.

काही मुलांच्या बाबतीत मात्र कारण दिनक्रमात नसतं. जमिनीवरून उठताना ती मांड्यांवर हात टेकून वर येते का, सतत टाचा उचलून चालते का, दोन्ही पायांनी उडी अजून येत नाही का, थोडं पळून ओठ निळसर होतात का, चेहरा फिकट दिसतो का, हे बघा. यातलं काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ओठ निळे पडत असतील तर त्याच दिवशी. फिकटपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि असं मूल खेळायला उठत नाही. जाताना तिचा जमिनीवरून उठतानाचा आणि जिना चढतानाचा व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात मुलं बऱ्याचदा जागची हलत नाहीत.