पाइपलाइनमधून गळणारा गॅस पावसाने भिजलेल्या मातीत कमी पसरतो का?

वर कमी येतो, पण आडवा बहुधा अधिक दूर जातो. म्हणून संपूर्ण जमिनीसाठी ओलाव्याचा एकच आकडा घेणारे मॉडेल येथे फसते. या गॅसमधील मुख्य घटक असलेल्या मिथेनचे विसरण (दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरणे) मुख्यतः मातीतील हवेने भरलेल्या छिद्रांतून होते, कारण पाण्यातून ते हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असते. मिलिंग्टन आणि क्वर्क यांच्या 1961 च्या प्रचलित सूत्रात मातीतील प्रत्यक्ष विसरणांक (विसरणाचा वेग दाखवणारा आकडा) मातीच्या आकारमानातील हवेच्या अंशाच्या 10/3 घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे एकूण सच्छिद्रता (छिद्रांचा वाटा) 40 टक्के असलेल्या कोरड्या मातीतील हवा पाण्यामुळे 10 टक्क्यांवर आली, तर विसरण सुमारे शंभरपटीने घटते. असा चिंब थर (किंवा डांबरी रस्ता) वर झाकणासारखा बसला, की गॅस खालच्या कोरड्या थरातून, अनेकदा पाइपच्या चरातील सैल भरावातूनच, घरांच्या पायापर्यंत पोहोचू शकतो. मिथेन खाणारे जिवाणू त्यातील काही भाग संपवतात, पण त्यांना प्राणवायू लागतो आणि झाकणाखाली नेमकी त्याचीच वानवा असते. मात्र हे गणित पाइपच्या गळक्या छिद्रापासून काही अंतरावरचे आहे. अगदी जवळ दाबामुळे होणारा प्रवाह विसरणापेक्षा प्रबळ ठरतो, आणि उच्चदाबाच्या वाहिनीजवळ तर डार्सीचा साधा नियमही (प्रवाहाचा वेग दाबातील उताराच्या प्रमाणात असतो, हा) पुरत नाही.