डिस्चार्जनंतरचं वर्ष: ट्रॉमा सर्जनला वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. जनरल सर्जरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे ट्रॉमाच, म्हणजे गंभीर दुखापतींवरची सर्जरीच, करायचं हे पक्कं आहे आणि रिसर्चचीही आवड आहे. आमच्या सरांना म्हटलं की पेशंट घरी गेल्यावर त्याचं पुढे काय होतं यावर काम करायचंय, तर ते म्हणाले अगं ते रिहॅबवाल्यांचं, म्हणजे पेशंटला पुन्हा हिंडतंफिरतं करणाऱ्यांचं काम, तू रक्तस्राव नाहीतर शॉक असं काहीतरी घे. खरंच हे सर्जनचं काम नाही का?

उत्तर: तुमचंच काम आहे हे, आणि सर्जन त्यात नसेल तर ते अर्धवट राहतं असं माझं ठाम मत आहे.

ट्रॉमाचं सगळं शास्त्र आधी माणूस वाचावा म्हणून उभं राहिलं आणि ते बरोबरच होतं. १९७४ साली सुझन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुखापत किती गंभीर ते सांगणारा इंज्युरी सिव्हिअरिटी स्कोअर काढला, शरीराच्या सगळ्यात जास्त मार बसलेल्या तीन भागांना गंभीरतेचे आकडे द्यायचे, त्या आकड्यांचा वर्ग करून बेरीज घ्यायची, जास्तीत जास्त ७५. पेशंट जगेल का याचा अंदाज त्यावरून बरा येतो. पण मग आपण सगळेच त्याच भाषेत बोलायला लागलो, म्हणजे मृत्युदर किती, आयसीयूत किती दिवस, डिस्चार्ज कधी, आणि तो माणूस वर्षाने जिना चढतो का, कामावर गेला का, रात्री झोपतो का हे विचारायचं राहूनच गेलं.

विचारलं की काय कळतं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला लीप नावाचा अभ्यास, २००२ मध्ये छापून आला. पाय जाईल इतकी गंभीर दुखापत झालेले ५६९ पेशंट, ८ मोठी ट्रॉमा सेंटर्स, आणि प्रश्न असा की पाय वाचवायचा की कापायचा. दोन वर्षांनी बघितलं तर दोन्ही गटांत रोजचं जगणं जवळपास सारखंच, कामावर परतलेलेही दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास! मग फरक कशाने पडला? पुन्हा ॲडमिट व्हायला लागलं का, शिक्षण किती, इन्शुरन्स आहे का, आधाराला माणसं आहेत का, आणि मी यातून उभा राहीन असं त्याला स्वतःला वाटतं का, अशा गोष्टींनी. आता हे ज्याला माहितीये तो सर्जन ऑपरेशनआधी नातेवाइकांशी वेगळं बोलेल की नाही? पाय ठेवायचा की नाही हा निर्णय ओटीत आपण घेतो, रिहॅबची टीम नंतर येते, म्हणून त्या निर्णयाचा वर्षानंतरचा हिशोब ठेवताना आपण तिथे असायलाच हवं.

बॉस्टनच्या फोर्टे प्रकल्पातही हेच दिसलं. मध्यम ते गंभीर दुखापतीच्या पेशंटना सहा महिने ते वर्षभरात फोन केले तर साधारण ४० टक्के कामावर परतू शकले नव्हते आणि दर पाचातल्या एकाच्या उत्तरांत पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराची, लक्षणं होती. हे सगळे आपल्या रजिस्टरमध्ये यशस्वी केस म्हणून गेलेले असतात. मला हे वाचून आजही अस्वस्थ व्हायला होतं.

रस्ता विचाराल तर सर्जरीचं शिक्षण, मग ट्रॉमा आणि क्रिटिकल केअरची फेलोशिप, आणि मध्ये कुठेतरी एक-दोन वर्षं काढून पब्लिक हेल्थ किंवा क्लिनिकल रिसर्चचं रीतसर शिक्षण. हे शेवटचं टाळू नका, प्रश्नावली बनवणं, सॅम्पल साइज काढणं, गळालेला डेटा हाताळणं हे ड्युटी करता करता आपोआप येत नाही.

प्रश्न: मी स्टॅटिस्टिक्सचा विद्यार्थी आहे. अशा अभ्यासात निम्मे लोक फोनच उचलत नसतील, मग निष्कर्षांवर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर: या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलात. जे सापडत नाहीत ते सापडलेल्यांसारखे नसतात. तरुण, सतत पत्ता बदलणारे, मारामारीत जखमी झालेले, बेघर असे लोक जास्त गळतात, आणि बहुतेकदा त्यांचीच अवस्था वाईट असण्याची शक्यता जास्त. उलट काही जण पूर्ण बरे होऊन कामाला लागलेले असतात, त्यांना आपला फोन नकोसा वाटतो. दोन्ही बाजूंनी चित्र बिघडतं.

यावरचा इलाज बराचसा साध्या कामात आहे. डिस्चार्जच्या आधीच पेशंटचा आणि आणखी दोन-तीन जवळच्या माणसांचा नंबर घ्यायचा, पुढे फोन येणार आणि कशासाठी येणार हे समोर बसून सांगायचं, फोन संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी करायचा, त्याच्या भाषेत बोलणारं माणूस ठेवायचं. आणि फोन ऑपरेशन केलेल्या सर्जनने करायचा नाही! ज्याने जीव वाचवला त्याला पेशंट सांगतो, सगळं छान आहे डॉक्टर. ट्रेनिंग घेतलेल्या तिऱ्हाइताने विचारलं की मग खरं बाहेर येतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची ट्रॉमा रजिस्ट्री ६, १२ आणि २४ महिन्यांनी असे फोन करते, तिथे गंभीर जखमी पेशंटची नोंद आपोआप होते आणि नको असेल त्याला नाव काढून घेता येतं, त्यामुळे सुरुवातीलाच होणारी गळती खूप कमी होते.

एवढं करूनही माणसं गळतातच. मग मृत्युनोंदी जुळवून बघायच्या, उत्तर दिलेल्यांची आणि न दिलेल्यांची वय, दुखापत, इन्शुरन्स यावर तुलना करायची, त्यानुसार उत्तरांना कमीजास्त वजन द्यायचं. पेपरमध्ये ही तुलना नसेल तर तुम्ही शंका घ्याच. अजून एक अडचण म्हणजे अपघाताआधीची तब्येत कुणीच मोजलेली नसते, ती पेशंटच्या आठवणीतूनच घ्यावी लागते, आणि हाल चालू असताना आधीचे दिवस जरा जास्तच चांगले आठवतात. तुमच्यासारखी माणसं या टीममध्ये हवीत, खरंच या.

प्रश्न: या विषयाने करिअर मागे पडतं का? प्रमोशन, पेपर वगैरे.

उत्तर: सुरुवातीला पडतं. वर्षानंतरची स्थिती बघायची तर पेशंट गोळा करायला वेळ, मग प्रत्येकाचं वर्ष पूर्ण व्हायची वाट, तोवर बरोबरीच्यांचे जुन्या फाइल्सवरून तीन पेपर होतात. त्यामुळे नोकरी घेतानाच आठवड्यातला रिसर्चचा वेळ लेखी मागून घ्या आणि त्या वेळेत ऑन-कॉल लागणार नाही हेही लिहून घ्या, तोंडी आश्वासन रोस्टर लागला की टिकत नाही. शिवाय एक मेंटॉर सर्जरीच्या बाहेरचा असू द्या, मानसोपचार किंवा फिजिकल मेडिसिनमधला.

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला अपघात होऊन वर्ष होत आलं. हाडं जुळली, रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे. पण तो रात्री दचकून उठतो, गाडीत बसत नाही, चिडतो, कामात लक्ष लागत नाही म्हणतो. घरचे म्हणतात नाटकं करतो. काय करू?

उत्तर: तो नाटक करत नाहीये, हे घरी आधी सांगा, माझं नाव घेऊन सांगा हवं तर. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, भीती दिसत नाही. तुम्ही लिहिलेल्या गोष्टी पीटीएसडीत सर्रास दिसतात. आयसीयूत राहिला असेल तर लक्ष न लागणं, विसरणं, थकवा हे त्यामुळेही असू शकतं, आणि अपघातात डोक्याला सौम्य मार बसून तो बाकीच्या दुखापतींच्या गडबडीत राहून गेलेलाही असू शकतो. कुठलं कारण आहे हे पत्रावरून सांगता येणार नाही, त्यासाठी तपासणीच लागेल.

ट्रॉमा क्लिनिकची वेळ घ्या आणि तुम्ही स्वतः सोबत जा, कारण तो एकटा गेला तर बरंय म्हणून परत येईल. झोप, भीती, राग, विसरणं, दुखणं, कामावर काय होतं हे कागदावर लिहून न्या आणि स्पष्ट विचारा की पीटीएसडी आणि डिप्रेशनची तपासणी करता का. पीटीएसडीसाठी २० प्रश्नांची एक प्रश्नावली असते, थोड्या वेळात भरून होते. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने २०२२ च्या निकषांत मोठ्या ट्रॉमा सेंटर्सना मानसिक त्रासाचा धोका असलेले पेशंट शोधून पुढे पाठवायला सांगितलंय, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. तिथे टाळलं तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आघातावर केंद्रित असलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर बोलून काम करणारी थेरपी यावर चांगली काम करते आणि वर्षानंतर सुरू केली तरी करते.

गाडीत बसायची जबरदस्ती करू नका, ते थेरपिस्टबरोबर टप्प्याटप्प्याने होतं. दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्यात का यावर लक्ष ठेवा. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला तर क्लिनिकच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीला घेऊन जायचं.